किल्ली, पूल आणि ऐंशी बार: एका विद्यार्थी म्युझिक व्हिडिओच्या पूर्वतयारीचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. माध्यम अभ्यासाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला सत्राचा प्रकल्प म्हणून म्युझिक व्हिडिओ करायचा होता. गुण नुसत्या व्हिडिओला नव्हते. संशोधन आणि पूर्वनियोजनाची फाइल वेगळी द्यायची होती आणि कोणतं डिजिटल साधन कुठे, कशासाठी वापरलं हे तीत दाखवायचं होतं. गटात चौघे: दिग्दर्शन करणारी, कॅमेरा सांभाळणारा, संकलन करणारी आणि परवानग्या-कागदपत्रं बघणारा. उपकरणं म्हणाल तर फोन, एक ट्रायपॉड, एक लॅपटॉप आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअर. मी त्यांचा मार्गदर्शक. फाइल अधूनमधून उघडून बघायची आणि अडचणीचे प्रश्न विचारायचे, एवढंच माझं काम.

व्हिडिओ फार थोर झाला म्हणून हे लिहितोय असं नाही. बरा झाला. पण तयारीच्या काळात या चौघांच्या हाताशी साधनांचा ढीग होता. त्यातली कोणती साधनं निर्णय घ्यायला भाग पाडतात आणि कोणती नुसतीच काम चालू असल्याचा भास देतात, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसलं.

ढीग

सुरुवातीला फाइल झपाट्याने फुगली. पिंटरेस्टवरचा मूडबोर्ड (व्हिडिओचा रंगढंग ठरवायला जमवलेल्या चित्रांचा फलक), यूट्यूबची प्लेलिस्ट, कॅनव्हात केलेला रंगांचा तक्ता, गूगल फॉर्मवरची प्रेक्षक पाहणी, चॅटबॉटकडून काढून घेतलेल्या कल्पना. दिसायला सगळं देखणं. मूडबोर्डवर निऑनचे दिवे, ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब, पाठमोरी मुलगी आणि तिच्या केसांतून येणारा उजेड. अशा एका चित्रावर बोट ठेवलं की तशीच आणखी वीस पुढ्यात येतात, आणि ती सगळी साठवताना आपण संशोधन करतोय असंच वाटतं. पण हा मूडबोर्ड कोणत्या गाण्याचा, हे त्याच्याकडे बघून कुणालाच सांगता आलं नसतं. सांगणार तरी कसं? गाणं ठरलंच नव्हतं.

पाहणीचंही तेच. ‘तुम्हाला कशा प्रकारचे म्युझिक व्हिडिओ आवडतात?’ या प्रश्नाला लोकांनी ‘काहीतरी वेगळं’, ‘स्टोरी हवी’, ‘खरं वाटेल असं’ अशी उत्तरं दिली. गूगल फॉर्मने इमानेइतबारे त्यांचे गोल आलेख काढून दिले आणि ते फाइलमध्ये चिकटवले गेले. त्या आलेखांमुळे एकही शॉट बदलला नाही. चॅटबॉटने सुचवलं: नायिका गच्चीवर धावते, आरशात स्वतःकडे बघते, शेवटी पावसात भिजते. यात चूक काही नाही, पण ही कल्पना कोणत्याही गाण्याला चालली असती, आणि अडचण तीच होती.

पुढची बैठक गाणं हातात आल्याशिवाय घ्यायची नाही असं ठरलं. ढिगात आणखी भर घालण्यापेक्षा हे बरं.

गाणं कोणाचं

पहिली पसंती अर्थातच एका गाजलेल्या गाण्याला होती. त्यावर विश्लेषण करता येतं, वर्गात दाखवताही येतं. पण यूट्यूबवर चढवायचं म्हटलं की कंटेंट आयडी ही यंत्रणा आडवी येते. ती अपलोड झालेल्या आवाजाचा ठसा हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळला तर व्हिडिओ अडवायचा, त्यावर जाहिराती लावायच्या की नुसतं लक्ष ठेवायचं, हे हक्कधारक ठरवतो. ‘शैक्षणिक हेतू’ असं वर्णनात लिहिल्याने त्यात तसूभरही फरक पडत नाही. तरी विद्यार्थी ते लिहितातच, देवाला नारळ फोडावा तसं.

मग गटाने क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला खुलं ठेवलेलं, एक छान गाणं शोधलं. परवान्यात ‘बीवाय-एनसी-एनडी’ असं होतं. श्रेय द्यायचं, पैसे कमवायचे नाहीत, फेरफार करायचा नाही. ‘आम्ही गाण्यात फेरफार कुठे करतोय? जसंच्या तसं वापरतोय,’ असा त्यांचा युक्तिवाद. ऐकायला रास्त वाटतो. पण परवान्याचा मजकूर उघडून वाचला तर त्यात स्पष्ट म्हटलंय, की संगीत चलचित्राशी वेळेच्या मेळात बसवलं की ते नेहमीच रूपांतर धरलं जातं. म्हणजे ‘एनडी’ असलेल्या गाण्यावर म्युझिक व्हिडिओ करून प्रसिद्ध करता येत नाही, मग गाण्याचा एक स्वरही बदललेला नसो. हे कलम माहीत नसलेले बरेच लोक आहेत आणि ते सगळे विद्यार्थी आहेत असंही नाही.

शेवटी गाणं संस्थेतच मिळालं. दुसऱ्या विभागातल्या एका विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं आणि घरीच ध्वनिमुद्रित केलेलं. जुनं घर सोडल्यावर त्याची किल्ली खिशात राहून गेलेल्या मुलीचं गाणं. कागदपत्रं बघणाऱ्याने इथे चोख काम केलं. गाण्यात दोन हक्क असतात, एक रचनेचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा. इथे दोन्ही एकाच व्यक्तीकडे होते, तरी त्याने ईमेलवर दोन्हींची वेगवेगळी परवानगी घेतली. मग विचारलं, ‘ढोलकाचा ठेका कुठून घेतलास?’ तो एका संकेतस्थळावरून उतरवलेला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा, निघाला. त्याच्या अटींचं पान त्याने तारखेसह पीडीएफ करून ठेवलं, कारण अटींची पानं बदलतात. कुणाला हे कारकुनी वाटेल. पण अख्ख्या फाइलमध्ये कुणाच्याही शंकेला पुरून उरेल असं पहिलं पान हेच होतं.

ठोक्यांचा तक्ता

गायिकेकडून एमपी३ आली होती. ती परत पाठवून वेव्ह फाइल मागवली. एमपी३ करताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते, आणि पुढचं सगळं गणित ज्या शून्यावर उभं राहणार तेच शून्य हललेलं नको.

गाणं मेट्रोनोमवर, म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक करणाऱ्या साधनावर, ध्वनिमुद्रित केलेलं होतं, ९६ बीपीएम. लांबी ३ मिनिटं २० सेकंद. दिग्दर्शिकेने कागदावर मांडलं: मिनिटाला ९६ ठोके, म्हणजे एक ठोका ०.६२५ सेकंदांचा. चार ठोक्यांचा बार अडीच सेकंदांचा. २०० सेकंदांत ८० बार. तोवर ‘गाणं’ ही एक धूसर, भावपूर्ण वस्तू होती. आता ती ८० ओळींची गूगल शीट झाली.

संकलन करणारीने यात एक भर घातली, आणि माझ्या मते ती या सगळ्या तयारीतली सर्वांत हुशार गोष्ट. चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेमवर (म्हणजे २४ स्थिर चित्रांवर) करायचं की २५ वर, हा प्रश्न तोवर ‘सिनेमासारखं कशात दिसतं’ या पातळीवर रेंगाळत होता. तिने सांगितलं, की २४ फ्रेमला ०.६२५ ने गुणलं तर नेमक्या १५ फ्रेम येतात. म्हणजे प्रत्येक ठोका पूर्ण फ्रेमवर पडतो आणि एक बार बरोबर ६० फ्रेमचा होतो. २५ वर गेलं तर ठोका १५.६२५ फ्रेमचा, म्हणजे जवळपास प्रत्येक कट थोडा अलीकडे नाहीतर थोडा पलीकडे. अर्ध्या फ्रेमचा फरक डोळ्याला दिसत नाही हे खरं. पण कट कुठे करायचा हे शीटमध्ये आधीच लिहून ठेवायचं असेल तर पूर्ण आकडे सोयीचे पडतात. टाइमलाइन, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली वेळेची पट्टी, २४ ची ठरली. शेजारीच २३.९७६ चा पर्याय असतो. तो चुकून निवडला तर २०० सेकंदांच्या शेवटी ४८०० ऐवजी सुमारे ४७९५ फ्रेम होतात आणि शीटचे आकडे शेवटाकडे घसरत जातात. म्हणून शीटच्या डोक्यावर लाल अक्षरात ‘२४, पूर्ण २४’ असं लिहून ठेवलं होतं.

मग ऑडॅसिटी, हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर. गाणं चालू ठेवून ऐकायचं आणि कडवं, ध्रुवपद, वाद्यांचा तुकडा जिथे बदलतो तिथे कळ दाबून लेबल टाकायचं. विंडोजवर ती कंट्रोल-एम. ही लेबलं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात आणि शीटमध्ये तशीच चिकटवता येतात. हाताने टाकलेली लेबलं अर्थातच जरा उशिरा पडतात. ती जवळच्या बारला नेऊन बसवली. हिशेब असा निघाला: सुरुवातीचे ४ बार, पहिलं कडवं १६, ध्रुवपद ८, दुसरं कडवं १६, ध्रुवपद ८, नुसत्या वाद्यांचे ८, मग दुहेरी ध्रुवपद १६ आणि शेवट ४. ध्रुवपद पहिल्यांदा ५० व्या सेकंदाला येतं. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिनेच घोळ उघडा पाडला.

बघणं आणि नोंदणं

गाणं हाती आल्यावर प्लेलिस्ट पुन्हा उघडली आणि आता ती निम्म्याहून कमी झाली, कारण ‘मंद लय, एकच गाणारी व्यक्ती, कथेचा धागा’ अशी चाळणी लागली होती. जे व्हिडिओ उरले ते नुसते बघायचे नाहीत, नोंदवायचे असं ठरलं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून संगणकाच्या कीबोर्डवर स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक फ्रेम मागे-पुढे सरकते. कट नेमका कोणत्या फ्रेमवर आहे, ठोक्यावर की ठोक्याच्या जरा आधी, हे असं सरकवूनच दिसतं. वेग पाव पट केला की कॅमेरा हललाय की नट हललाय तेही कळतं.

नोंदणीच्या तक्त्यात स्तंभ थोडेच: वेळ, शॉटचा आकार, कॅमेऱ्याची हालचाल, त्या वेळी चालू असलेली ओळ, आणि शब्द व चित्र यांचं नातं. हा शेवटचा स्तंभ माध्यम अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांच्या १९९२ च्या मांडणीवरून घेतला. चित्र कधी शब्दांत आहे तेच दाखवतं, कधी त्यात भर घालतं, तर कधी शब्दांपासून फटकून राहतं. परीक्षेच्या उत्तरात हे तीन प्रकार घोकून लिहिले जातात, पण रिकाम्या चौकटीत दर शॉटला एक लिहायची वेळ आली की खरी कसोटी लागते. नोंदता नोंदता कॅमेरावाल्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. गटाला आवडलेल्या व्हिडिओंमध्ये ‘तेच दाखवणं’ फार कमी होतं, आणि गटाने स्वतः लिहिलेल्या पटकथेत जवळजवळ दुसरं काहीच नव्हतं. गाण्यात ‘किल्ली’ आली की पडद्यावर किल्ली, ‘दार’ आलं की दार.

सरासरी शॉट लांबीचा मोह इथे सगळ्यांनाच होतो. व्हिडिओची एकूण लांबी भागिले शॉटची संख्या. ८० शॉट केले तर या गाण्याला सरासरी अडीच सेकंद, म्हणजे बारागणिक एक कट. आकडा इतका सुबक दिसतो की तोच नियम करावासा वाटतो. पण तो वापरला तर व्हिडिओ शिलाई मशीनसारखा चालेल. नोंदींवरून दिसलं ते असं, की कडव्यात शॉट लांबतात, ध्रुवपदात आखडतात, आणि ध्रुवपद सुरू होतानाचा पहिला शॉट बऱ्याचदा त्यातल्या त्यात मोठा असतो. सरासरीत हे सगळं बुडून जातं. शीटमध्ये म्हणून सरासरी न ठेवता प्रत्येक विभागाची वेगळी लांबी ठेवली.

जागा

कथेला एक पादचारी पूल हवा होता. मुलगी किल्ली परत द्यायला निघते आणि पुलावरून जाते. पूल शोधला गूगल अर्थवर, बसल्या जागी. पट्टीच्या साधनाने लांबी मोजली, स्ट्रीट व्ह्यूवर दोन्ही टोकांकडून पाहिलं, पसंत पडला. स्ट्रीट व्ह्यूच्या चित्रावर ते कधी टिपलं त्याची तारीख असते, आणि ती जुनी होती. प्रत्यक्ष गेल्यावर कळलं की कठड्यांवर आता उंच जाळी बसवलेली आहे. बाजूने घ्यायचे सगळे शॉट तिथेच बाद. मात्र पुलाच्या मधोमध उभं राहून लांबीच्या दिशेने पाहिलं तर तीच जाळी दोन्हीकडून दूरवर निमुळती होत जाते आणि मधल्या माणसाला आपोआप चौकट मिळते. मूडबोर्डवर असं चित्र एकही नव्हतं.

रेकीत, म्हणजे शूटिंगआधीच्या जागेच्या पाहणीत, फोनने चार कामं केली. उभं-आडवं चित्रण, प्रत्येक जागेच्या आवाजाची नोंद, होकायंत्राने पुलाची दिशा, आणि गटातल्याच एकीला गायिकेच्या जागी उभी करून प्रत्येक नियोजित शॉटचा फोटो. शेवटच्या कामाचा उपयोग पुढे सर्वांत जास्त झाला.

सूर्याचं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात फसायला सगळेच तयार असतात. रेकी संध्याकाळी केली. सूर्य पुलाच्या टोकाशी, अगदी जाळीच्या मधोमध मावळत होता. सगळे खूश. ‘शूटिंग याच वेळेला.’ पण शूटिंग महिन्याभराने होतं, आणि दिवस विषुवदिनाच्या आसपासचे. विषुवदिनाला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो आणि त्याच सुमारास त्याची मावळायची जागा सर्वांत भराभर सरकते, दिवसाला साधारण ०.४ अंश किंवा अक्षांशानुसार त्याहून जास्त. महिन्याभरात निदान १२ अंश. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे सूर्य मुठीपेक्षा जास्त बाजूला गेलेला असणार. सनकॅल्क या सूर्याची दिशा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर शूटिंगची तारीख टाकली तर मावळतीची रेघ थेट शेजारच्या इमारतीतून गेली. इमारतीच्या उंचीचा अंदाज घेतला तेव्हा दिसलं, की ऊन पुलावरून सूर्यास्ताच्या बरंच आधी उठणार. वेळापत्रक पुढे ओढलं आणि पुलाचे शॉट पहिले ठेवले. हे घरबसल्या कळलं, शूटिंगच्या दिवशी पुलावर नाही. अशा कामासाठी तंत्रज्ञान असेल तर मी त्याच्या बाजूचा आहे.

अ‍ॅनिमॅटिक

आता गाभ्याकडे. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटगणिक एक चित्र असा आराखडा, आधी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांनी बनवला होता. चित्रं झकास. पण त्यातला पूल खऱ्या पुलाच्या तिप्पट रुंद, कॅमेरा अशा उंचीवर की तिथे जायला पंख लागतील, आणि नायिकेचा चेहरा दर चौकटीत वेगळा. अशा चित्रांचा खरा तोटा त्यांच्या सफाईत आहे. ती इतकी पूर्ण दिसतात की त्यांच्यावर खोडाखोड करायला हात धजत नाही. ती काढून रेकीतले फोनचे फोटो लावले, आणि जिथे फोटो नव्हता तिथे काठीच्या माणसांची रेखाटनं.

मग ही सगळी चित्रं डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकटातल्या आवृत्तीत २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर, गाण्याखाली, शीटमध्ये लिहिलेल्या लांबीप्रमाणे ओळीने ठेवली. बस, इतकंच. हलणारं काही नाही, फक्त स्थिर चित्रं आपापल्या वेळेला येतात आणि जातात. यालाच अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. करायला फारसा वेळ लागत नाही, आणि तरी विद्यार्थी तो टाळतात. का टाळतात तेही पहिल्याच खेळाला कळलं.

पटकथेत पहिल्या कडव्यात मुलगी जागी होते, खोका उघडते, किल्ली सापडते, फोटो बघते, जुन्या भांडणाची आठवण येते, तोंड धुते, दार लावते आणि निघते. कागदावर हा एक परिच्छेद होता आणि वाचायला छान वाटायचा. टाइमलाइनवर त्याच्यासाठी १६ बार होते, ४० सेकंद. सगळं दाखवायचं तर ध्रुवपद ५० व्या सेकंदाला उसळून येतं तेव्हा मुलगी अजून तोंड धूत असते. गाणं म्हणतंय ‘निघाले’ आणि बाई न्हाणीघरात. सगळे हसले, आणि त्या हसण्यात अर्धी पटकथा गेली.

दुसरा शोध जास्त गंभीर होता. १३० ते १५० सेकंद, नुसत्या वाद्यांचे ८ बार. तिथे टाइमलाइन रिकामी. काळा पडदा. स्टोरीबोर्ड करताना सगळे ओळीओळीने गेले होते: ही ओळ, तिचं चित्र, पुढची ओळ, तिचं चित्र. जिथे शब्द नाहीत तिथे कुणाला चित्र सुचलंच नव्हतं, आणि कागदावरच्या स्टोरीबोर्डमध्ये ती पोकळी दिसतही नव्हती, कारण कागदाला वेळ नसते. वीस सेकंद म्हणजे व्हिडिओचा दहावा हिस्सा. शूटिंग आटोपल्यावर हे उघडकीला आलं असतं तर तिथे काय भरलं असतं ते मी सांगू शकतो: पक्षी, ढग आणि रस्त्यावरच्या गाड्या.

मूडबोर्ड कोणतंही चित्र आत घेतो, पाहणी कोणतंही मत घेते, चॅटबॉट कोणत्याही प्रश्नाला हो म्हणतो. टाइमलाइन हे त्या ढिगातलं पहिलं साधन जे नकार देत होतं. ४० सेकंदांत आठ गोष्टी मावत नाहीत, मग दिग्दर्शिकेचं मत काहीही असो. गटातल्या वादांचाही निकाल तिथेच लागू लागला. ‘मला वाटतं भांडणाचा प्रसंग हवाच’ याला उत्तर द्यायचं तर तो टाकून दाखव, आणि त्यासाठी कुणाचे बार काढून घेणार तेही सांग.

नवी मांडणी त्याच बैठकीत झाली. मुलगी पहिल्या फ्रेमपासून घराबाहेर. खोका, फोटो, भांडण सगळं रद्द. किल्ली फक्त तीनदा दिसते, आणि एकदाही ‘किल्ली’ या शब्दावर नाही. नोंदणीच्या तक्त्यातला तो शेवटचा स्तंभ इथे कामी आला. वाद्यांच्या ८ बारांत पुलावरून चालत येणं, एकच सलग शॉट, कट नाही.

त्या एका शॉटचं गणित मला फार आवडलं. पडद्यावर २० सेकंद म्हणजे ४८० फ्रेम. चाल थोडी तरंगती हवी होती, म्हणून ३० फ्रेमवर चित्रित करून २४ वर चालवायचं ठरलं. तसं केलं की हालचाल ८० टक्के वेगाने दिसते. ४८० भागिले ३०, म्हणजे प्रत्यक्ष चालणं १६ सेकंदांचं. माणूस आरामात चालला तर सेकंदाला १.३ मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण २१ मीटर. पुलाची मोजलेली लांबी त्याला सहज पुरत होती. चालणं कुठून सुरू करायचं तिथे रेकीच्या दुसऱ्या खेपेला खडूने खूणही केली.

पाहणीचाही नवा अवतार झाला. अ‍ॅनिमॅटिक यूट्यूबवर अनलिस्टेड (दुवा असेल त्यालाच दिसेल असा) ठेवून काही जणांना दुवा पाठवला आणि प्रश्न एकच विचारला: काय घडलं ते दोन वाक्यांत लिहा. आवडलं का, असं विचारलंच नाही. बऱ्याच जणांना किल्ली गाडीची वाटली. मग जुनी, लांब दांड्याची किल्ली आणली. पहिल्या पाहणीने गोल आलेख दिले होते, या पाहणीने वस्तू बदलली.

प्लेबॅक

गायिकेने ओठ हलवायचे शॉट म्हणजे प्लेबॅक, सेटवर गाणं वाजवून त्यावर ओठ जुळवणं, आलाच. ऑडॅसिटीमधून दोन फाइली काढल्या. एक मूळ वेगाची. दुसरी स्वर तोच ठेवून लय १२५ टक्के केलेली, म्हणजे ९६ ची १२० झाली. ३० फ्रेमवर चित्रित करून २४ वर चालवायचं असेल तर ओठ सव्वापट वेगाने हलायला हवेत. तरच ते सावकाश झाल्यावर मूळ गाण्याला जुळतात. गायिकेला ही फाइल आठवडाभर आधी दिली. सव्वापट वेगात स्वतःचंच गाणं म्हणताना श्वास कुठे घ्यायचा हे बसवावं लागतं, सेटवर पहिल्यांदा ऐकून ते जमत नाही. दोन्ही फाइलींच्या आधी चार टिकटिक जोडल्या.

ब्लूटूथ स्पीकरचा आवाज उशिरा येतो अशी भीती होती. येतो, पण गायिका तोच ऐकते आणि कॅमेऱ्याचा माइकही तोच टिपतो, त्यामुळे फरक पडत नाही. फक्त कुणी फोनच्या पडद्याकडे बघून ‘आता!’ असं ओरडायचं नाही. अंतराचा फरक मात्र खरा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २४ फ्रेमच्या हिशेबात १४ मीटरला एक फ्रेम. ध्रुवपदाच्या लांबच्या शॉटमध्ये कॅमेरा आणि गायिका यांत साधारण तेवढं अंतर होतं. तो क्लिप एक फ्रेम सरकवून डोळ्याने जुळवायचा अशी टीप शीटमध्ये आधीच टाकली होती.

फोनच्या चित्रणात आणखी एक खोड असते. फ्रेमचा वेग ठरलेला दिसला तरी आतून तो थोडा कमीजास्त होत राहतो, आणि लांब क्लिपमध्ये ओठ हळूहळू सुटत जातात. सगळं चित्रण आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम-वेगावर आणायचं, मगच टाइमलाइनवर. साठवणुकीबद्दल फार लिहीत नाही. गूगलचे फुकट १५ जीबी मेल आणि फोटो धरून असतात, आणि ४के चित्रण ३० फ्रेमला, एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात, आयफोनच्या सेटिंगमध्ये लिहिल्याप्रमाणे मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतं. हिशेब केला तर दीड तासही मावत नाही. त्यांनी बाहेरची डिस्क मागून आणली.

शूटिंग, संकलन आणि फाइल

शूटिंग वेळेत झालं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही, आणि तयारीला मिळालेली पावती म्हणावी तर तीच. संकलनात अ‍ॅनिमॅटिक टाइमलाइनवर तसाच ठेवला आणि प्रत्येक चित्राच्या जागी खरा शॉट बसवत गेले. दुपारपर्यंत कच्चा व्हिडिओ उभा राहिला.

योजना मोडली एकाच ठिकाणी. दुसऱ्या कडव्यात छोट्या शॉटांची मालिका लिहिलेली होती. पण गायिकेच्या चेहऱ्याचा एक क्लोजअप असा निघाला, की ती गाणं विसरून काहीतरी आठवत असावी असं वाटतं. संकलन करणारीने तो सहा बार, १५ सेकंद, तसाच धरून ठेवला. दिग्दर्शिकेला ते पटेना. दोन्ही पर्याय टाइमलाइनवर लावून पाहिले आणि लांब शॉट राहिला. शीटमध्ये ‘बदल आणि कारण’ असा स्तंभ होता. तिथे तिने लिहिलं, ‘इथे कट केला तर ती गाणारी वाटते. नाही केला तर ती गाण्यातली वाटते.’ अख्ख्या फाइलमधलं विश्लेषणाचं सर्वांत चांगलं वाक्य ते.

फाइल सादर करताना मूडबोर्ड आणि गोल आलेख काढून टाकायची त्यांची इच्छा होती. मी ठेवायला सांगितलं, शेजारी एक ओळ लिहून: यातून कोणता निर्णय झाला? बहुतेक पानांवर उत्तर ‘कोणताच नाही’ असं आलं, आणि परीक्षकांनी नेमके त्याच पानांवर सर्वांत जास्त प्रश्न विचारले. गटाकडे उत्तरं होती, कारण दुसऱ्या बाजूला तीच शीट होती.

एक काम अर्धंच राहिलं. फोनवर उभा बघायचा व्हिडिओही हवा होता. १६:९ च्या चौकटीतून पूर्ण उंचीची ९:१६ ची पट्टी कापली तर रुंदीचा एक तृतीयांशही उरत नाही, जेमतेम ३२ टक्के. हे शूटिंगच्या आधी शीटमध्ये कुठेच नव्हतं. ध्रुवपदाचे रुंद शॉट त्यात मावत नाहीत, गायिका एका काठाला आणि रस्ता गायब. फक्त पुलावरचा शॉट, जाळीच्या निमुळत्या रेघांमुळे, उभ्या पट्टीतही जसाच्या तसा बसतो. पूर्ण उभी आवृत्ती त्यांनी केली नाही. तेवढे २० सेकंद वेगळे कापून टीझर म्हणून टाकले.